डावीकडच्या खुणा

आमचा मोसम कुठल्या कॅलेंडरावर छापलेला नसतो. मलंगगडाच्या पायथ्याच्या वाटांवरचा चिखल टायरला चिकटायचा थांबला आणि शेतातलं भात पिवळं पडायला लागलं, की आम्ही समजायचं, झाला सुरू. दसरा आणि दिवाळीच्या मधले ते पंधरा-वीस दिवस डर्ट बाइक चालवण्यासारखं सुख नाही, आणि त्याच्याइतकं धोक्याचंही काही नाही. चार महिन्यांच्या पाण्यानं वाटा पार मोडलेल्या असतात. कुठे चर पडलेला, कुठे दगड उघडा झालेला, आणि या सगळ्यावर कमरेएवढं गवत. वरून पाहाल तर सगळं सपाट.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडी उंच, हडकुळी, जाड रबरी गाठींच्या बटन टायरची. तिच्यावर बसायचं नसतं, पाय रोवून उभं राहून चालवायची. रस्ता नसतो, पायवाट, बैलवाट, ओढ्याचं पात्र, जे असेल ते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले आम्ही दहा-बाराजण रविवारी हा उद्योग करतो. कुणी बँकेत आहे, कुणाचं दुकान आहे. मी कोलशेतच्या एका कारखान्यात देखभाल विभागात तीस वर्षं काढून आता घरी बसलेला. वय सत्तावन्न. सगळे मला काका म्हणतात आणि मागून म्हातारा म्हणतात, तेही मला माहीत आहे.

आमच्यात एक पद्धत आहे. पहिल्या रविवारच्या आधी एकानं पुढे जाऊन पूर्ण वाटेची पाहणी करायची. बरोबर फक्कीची पिशवी. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी पूड. जिथे सांभाळून जायचं त्याच्या दहा पावलं आधी एक आडवी रेघ, आणि धोका ज्या बाजूला असेल त्या बाजूला फुली. फुली उजवीकडे दिसली की मागून येणाऱ्यानं डावी बाजू धरायची. आणि खूण एकाच हाताची. दोघांनी खुणा मारल्या की घोटाळा होतो, म्हणून पाहणीला दुसरा माणूस सोबतीला असला तरी त्यानं फक्कीला हात लावायचा नाही. गेली नऊ वर्षं तो एक हात माझा होता.

गेल्या मोसमात पहिल्याच रविवारी समीर पडला. चौतीस वर्षांचा, डोंबिवलीचा, बँकेत नोकरीला. ओढ्याकडे उतरणाऱ्या एका घसरणीवर तो डावीकडच्या चरात गेला आणि मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. डोक्याला मार बसल्यामुळे पडण्याआधीचं त्याला काही आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी त्या उतारावर खूण मारली होती. दवाखान्यात त्याच्या उशाशी उभा राहून मी सगळ्यांदेखत म्हणालो, "खूण होती रे समीर. तू वेगात होतास. बघितलीच नाहीस." त्यानं मान डोलावली. त्याची बायको मानसी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि तेव्हापासून त्या घरात समीर हा बेपर्वा माणूस ठरला. एक मूल असलेला आणि तरीही बेपर्वा. वर्षभर भांडून, शपथा घालून-घेऊन, या मोसमाच्या पहिल्या रविवारी तो परत येणार होता. माझ्या खुणांवरून.

आणि यंदा जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीचशी गेलेली आहे आणि ती परत येत नाही. थेंब घाला, आहे ती टिकवा, दुचाकी बंद करा. मी घरी सांगितलं की नंबर वाढलाय. कंपूत कुणालाच काही सांगितलं नाही. जंगलात कुठे ट्रॅफिक असतो, अशी मी माझी समजूत घातली. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

शुक्रवार

सोबतीला वैभवी होती. खोपटला राहते, शाळेत खेळांची शिक्षिका आहे, तिशीची, बोलायला कमी आणि गाडी चालवायला आमच्यातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा सरस. आमच्या गाड्या कल्याण पूर्वेला एका ओळखीच्या गॅरेजात असतात, तिथे सकाळी सहाला भेटलो. चार महिने उभ्या असलेल्या गाडीचं जे होतं ते माझ्या गाडीचं झालं होतं. चेन गंजलेली, कार्ब्युरेटर तुंबलेला. तासभर किका मारून माझा जीव अर्धा झाल्यावर ती एकदाची फुरफुरली. वैभवीची पहिल्या बटणाला सुरू झाली. तिनं त्यावर काहीही शेरा मारला नाही हे तिच्या चांगुलपणाचं लक्षण.

शहर कुठे संपतं ते हल्ली कळत नाही. टॉवर, मग टॉवरचे खड्डे, मग 'येथे प्लॉट मिळतील' असे फलक, आणि त्या फलकांच्या पाठीमागे अचानक भाताचं शेत. फलकाच्या पलीकडे वळलो की वारा बदलतो. ओल्या पेंढ्याचा आणि करपट गवताचा वास येतो. समोर मलंगगडाचा सुळका, अजून धुक्यात कमरेपर्यंत बुडालेला. मी इंजिन बंद करून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. दरवर्षी राहतो. यंदा जरा जास्त वेळ राहिलो.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे दोनशे गाड्या येतील आणि वेफर्सची पाकिटं.

दुपारपर्यंत अर्धी वाट झाली. पद्धत अशी की मी गाडीवर पुढे, चालण्याच्या वेगानं, वैभवी तीस फूट मागे. संशय आला की मी उतरतो, काठीनं गवत बाजूला करतो, फक्की मारतो. एका करवंदीच्या जाळीखाली वैभवीच्या मानेवर लाल मुंग्यांचं घरटंच पडलं. तिनं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे भिरकावून दिले आणि शेताच्या पाण्यात मान बुडवली. बांधावरून जाणारे दोन गडी थांबून पाहत राहिले. एकानं गंभीरपणे सांगितलं, "ताई, त्यांना मीठ-मिरची लावून खातात. चांगल्या लागतात." मुंग्यांची चटणी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत कुणी खाल्ली तर वॉट्सअॅपवर ठराव पास होईल.

दीडच्या सुमाराला त्या उतारावर पोचलो. समीरच्या उतारावर. आमच्यात आता त्याला तेच नाव पडलं आहे. उजवीकडे बैलाच्या पाठीएवढा काळा दगड, या पावसात आणखी उघडा पडलेला. मी दहा पावलं मागे आलो, आडवी रेघ ओढली आणि उजवीकडे मोठी फुली मारली. गेल्या वर्षीपेक्षा मोठी. यंदा तरी दिसेल पठ्ठ्याला, असं मनात आलं. खरं सांगायचं तर थोडा रागच होता त्याच्यावर. माझ्या नऊ वर्षांच्या पाहणीला त्याच्या एका पडण्यानं बट्टा लागला होता.

वैभवी गाडीवर बसून डावीकडे पाहत होती.

"काका, झालं?"

"झालं. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली.

शनिवार

दुसऱ्या दिवशी उरलेली वाट. सकाळी आठच्या आतच आम्ही एका वाडीच्या खालच्या शेतांपाशी होतो. इथे कापणी सुरू झाली होती. वाटेच्या उजव्या अंगाला भाताचे भारे रचलेले. भाऱ्यांना चाक लागू नये म्हणून मी गाडी डावीकडे घेतली. मागून वैभवीनं हॉर्न दाबून धरला. मी थांबलो तेव्हा दोन्ही चाकं एका खळ्याच्या बरोबर मध्यावर होती.

खळं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. भात झोडायच्या आधी शेतातली एक चौकोनी जागा साफ करतात, पाणी मारून चोपतात, शेणानं सारवतात. ती वाळली की वर्षाचं धान्य तिथे उतरतं. सारवलेल्या खळ्यावर पायात काही घालून कुणी जात नाही, घरधनीसुद्धा नाही. आम्ही आमच्या नव्या पोरांना सगळ्यात आधी हे शिकवतो. बांध मोडू नका, गुरांना घाबरवू नका, आणि खळ्यावर गाडी नेलीत तर परत येऊ नका. हे वाक्य माझं आहे. आणि त्या ओल्या सारवणात माझ्या बटन टायरची नांगरल्यासारखी रेघ एका टोकापासून मध्यापर्यंत गेली होती.

खळ्याच्या कोपऱ्यात एक बाई उकिडव्या बसल्या होत्या, कोपरापर्यंत शेणाचे हात. माझ्याच वयाच्या असतील. नाव चांगुणाबाई, हे मागाहून कळलं.

"थांब तिथंच," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पायातलं कार आनि मंग उतर."

मी बूट काढले. वैभवीनंही काढले. आम्ही दोघांनी गाडी उचलून बाहेर ठेवली. मी हात जोडले आणि म्हणालो, "मावशी, चुकलं. दिसलं नाही."

"येवरा मोठा खला नाय दिसला?"

"नाही दिसला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या येतील, किंवा गावातले चार लोक गोळा होतील. आमच्याकडे कुणाच्या दारातल्या कुंडीला धक्का लागला तरी सेक्रेटरीकडे अर्ज जातो. इथे त्यांनी फक्त बादली पुढे सरकवली. "बस. सारव."

शेणात हात घालायची माझी पहिलीच वेळ. वैभवी पुढे झाली तर त्यांनी तिला अडवलं. "ज्यानी मोरला त्यानी." मग मी गुडघ्यावर बसून, त्या दाखवतील तसा, हाताचा पंजा अर्धगोलात फिरवत दोन तास सारवत होतो. दिसायला सोपं काम. माझे पट्टे एकावर एक चढत होते, मधे भेगा राहत होत्या. त्या मागून येऊन ते मोडायच्या आणि पुन्हा करायला लावायच्या. कमरेचा काटा ढिला झाला. ऊन चढलं.

मधेच त्यांनी पाण्याचा तांब्या दिला. म्हणजे देत होत्या. मला कळलंच नाही. वैभवी म्हणाली, "काका, पाणी." मी वळलो तर तांब्या माझ्या डाव्या कानापाशी धरलेला. थोड्या वेळानं त्यांनी शेणाचं घमेलं आणून ठेवलं आणि मी सरकताना ते सांडलं. तेही डावीकडेच. मग तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दाम केलं. हातातली काठी माझ्या डाव्या खांद्याशेजारी हळूच धरली आणि तशीच धरून ठेवली. मी सारवत राहिलो.

"याचा डावा डोला गेलाय," त्या वैभवीला म्हणाल्या. मला नाही, तिला.

माझा हात थांबला.

भाकरी खाताना त्यांनी एका बैलाची गोष्ट सांगितली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, उभी चिरलेली काकडी. भांडण पुरतं मिटायच्या आतच जेवायला बसवायचं, ही रीत मी इथे आधीही पाहिली आहे. त्या म्हणाल्या, "आमचा एक बैल होता. नांगराला जुपला का डावीकरचा बांध तुरवाचा. मीनी त्याला लय मारला. दोन वरसां मारला. बोलायची, माजलाय. मंग ढोरांचा डाक्टर आला, बोलला, बाय, याला त्या अंगानं दिसत नाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तवापासनं मारला नाय. पन मारलेला मना आठवतो."

त्या हे माझ्यासाठी सांगत होत्या. बैलाच्या जागी त्यांनी मला धरलं होतं. मी मात्र तिथे बसल्या बसल्या दुसऱ्याच कुणाला तरी त्या बैलाच्या जागी पाहत होतो.

मी वैभवीला जूनपासूनचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मला वाटलेलं तुम्ही डावीकडचं मुद्दाम सोडताय."

"मुद्दाम कशाला सोडेन मी?"

"आम्ही शिकावं म्हणून. सगळंच फक्कीवर नको, आपलं आपणही बघावं. काका, तुम्ही नऊ वर्षं मारताय. मी कोण बोलणार?" मग खाली बघत म्हणाली, "काल किती सोडल्यात ते मी मोजलेलं."

"किती?"

"अकरा."

मी तिला रागावू शकलो नाही. नऊ वर्षांत कुणी माझ्या खुणेला उलट प्रश्न विचारला असता तर मी त्याला काय बोललो असतो, ते तिला माहीत होतं आणि मलाही.

आम्ही परत फिरलो. चांगुणाबाईंनी निघताना एवढंच म्हटलं, "सोमवारपरेन कुनी इकडं येव नको." रविवारची वाट त्यांच्या शेताच्या अलीकडेच संपवायची असं तिथल्या तिथे ठरलं.

आता वैभवी पुढे, मी मागे. ती एकेका ठिकाणी थांबायची आणि बोट दाखवायची, आणि मी मान पूर्ण वळवून पाहायचो. एका ठिकाणी वाटेला लागून कच्ची विहीर होती. कठडा नाही, गवत काठापर्यंत. काल मी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेलो होतो आणि उजवीकडच्या एका मामुली ओंडक्याला फुली मारून पुढे गेलो होतो. म्हणजे मागून येणाऱ्यानं काय करायचं? डावी बाजू धरायची. मी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी काळंभोर, तळ दिसत नव्हता. मी मागे सरकलो आणि जमिनीवर बसलो.

समीरच्या उतारावर आम्ही तीनच्या सुमाराला आलो. माझी कालची मोठी फुली उजवीकडे पांढरीशुभ्र दिसत होती. मी त्या रेघेवर उभा राहिलो, मान डावीकडे वळवली, आणि तिथे तो चर होता. कमरेएवढा खोल, सहा-सात हात लांब, वाटेतच. वाटेच्या बाहेर नाही, वाटेत. गेलं वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो की चर वाटेबाहेर आहे, समीर वेगात होता म्हणून बाहेर फेकला गेला. मला जेवढी वाट दिसत होती, तेवढीच वाट आहे असं मी धरून चाललो होतो.

समीरनं खूण पाहिली होती. पाहिली म्हणूनच तो डावीकडे गेला. मी त्याला तिकडे पाठवला होता आणि मग त्याच्या उशाशी उभा राहून त्यालाच चार शब्द सुनावले होते. चोर तर चोर, वर शिरजोर. आणि यंदा मी पुन्हा त्याच जागी, त्याच माणसासाठी, तीच फुली आणखी मोठी करून ठेवली होती.

मी रडलो. वैभवी पाठ करून उभी राहिली, ओढ्याकडे बघत. मग म्हणाली, "काका, खूण एकाच हाताची ना? मग तुमच्या सगळ्या पुसायला लागतील."

"हो."

"माझ्या मारते मग."

तिनं पिशवी घेतली. मी निरगुडीची एक फांदी तोडली आणि परत मागे, पहिल्या खुणेपासून, माझ्या रेघा आणि फुल्या झाडत निघालो. फक्की मातीत सहज मिसळत नाही, दोनदा-तीनदा झाडावं लागतं. माझी पुसून झाली की ती तिची मारायची. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा शेवटची झाली. एकूण चौतीस होत्या माझ्या.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. सुलभा वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "पाण्याचं भांडं मी गेल्या दिवाळीपासून तुमच्या उजव्या हाताला ठेवते. डावीकडे ठेवलं की रोज सांडायचं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." तिनं भात वाढला. मी तो खाल्ला.

रविवार

सगळे सात वाजता नेहमीच्या चहाच्या टपरीवर जमले. समीर नव्या, म्हणजे जुन्याच पण त्याच्यासाठी नव्या, गाडीवर आला. उतरताना त्यानं डावा पाय आधी जमिनीवर चाचपून ठेवला आणि मग भार दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो लाजला आणि माझ्याकडे आला, वाकून नमस्कार करायला. मी त्याला मधेच धरला.

मी सांगितलं. लांबण लावली नाही. डोळ्याचं सांगितलं, खळ्याचं सांगितलं, फुली उजवीकडे होती आणि चर डावीकडे, वाटेतच होता, हे सांगितलं. दवाखान्यात मी जे बोललो ते खोटं होतं हेही सांगितलं. चहाचे ग्लास लोकांच्या हातात तसेच राहिले. एकजण म्हणाला, "जाऊ दे काका, मुद्दाम थोडंच केलंत." समीर त्याच्याकडे वळून म्हणाला, "तू थांब जरा."

मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "म्हणजे मी वेगात नव्हतो?"

"मला माहीत नाही. पण वेगात होतास की नव्हतास, तू खुणेप्रमाणेच गेलास."

त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मी वर्षभर मानसीला सांगतोय की चूक माझी होती. पोराची शपथ घेऊन सांगितलं मी तिला, की परत असा वागणार नाही. कसा वागणार नाही काका? काय केलेलं मी?"

 तो आणखी बोलेल असं वाटलं, पण त्यानं हेल्मेट चढवलं. वैभवी पुढे झाली, बाकीचे तिच्यामागे, समीर सगळ्यांत शेवटी. मी गाडी आणलीच नव्हती. त्यांचा आवाज शेतांच्या पलीकडे जाईपर्यंत मी टपरीपाशी उभा होतो. दहाच्या सुमाराला वैभवीचा फोन आला. समीरचा उतार सगळे नीट उतरले. समीर तिथे थांबला होता, गाडीवरून उतरून चराच्या काठावर गेला होता, आणि मग गाडी हळूच उतरवून पुढे गेला, एवढंच तिनं सांगितलं.

मी रिक्षा करून डोंबिवलीला गेलो. समीरनं मला जा म्हटलेलं नव्हतं. पण त्याच्या घरात मी जे पेरलं होतं ते त्यानंच उपटावं, ही अपेक्षा करायला मला तोंड नव्हतं.

मानसीनं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. मला दारात बघून तिला वाटलं असणार की पुन्हा काहीतरी झालं. "समीर ठीक आहे," मी आधी सांगितलं. तिनं आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. मुलगा शेजारी खेळायला गेला होता. मी सकाळचं सगळं पुन्हा सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. 

"मी त्याला काय काय बोलले आहे, काका," ती म्हणाली. "त्याच्या आईसमोर बोलले आहे."

"माझ्यामुळे."

"हो, तुमच्यामुळे." तिनं ते तसंच ठेवलं, सावरून घेतलं नाही. मग विचारलं, "तुम्हाला कधीपासून कळलं होतं? दिसत नाही ते."

जूनपासून, असं मी म्हणू शकलो असतो. कागदावर तारीख होती, डॉक्टरांची सही होती. सकाळी सगळ्यांनी तसंच धरलं होतं आणि मीही धरू दिलं होतं. पण गेल्या वर्षी गणपतीत मी सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला स्कूटर दोनदा घासली होती, दोन्ही वेळा डावीकडून. दुसऱ्या वेळी मी गाडी बाजूला उभी करून उजवा डोळा हातानं झाकून पाहिला होता. समोरचा वॉचमन दिसत होता आणि त्याच्या डावीकडचं काहीच दिसत नव्हतं. मी हात काढला, आणि महिन्याभरानं पाहणीला गेलो.

"समीर पडला त्याच्या आधीपासून," मी म्हणालो.

मानसी उठली. मला वाटलं दार उघडेल. तिनं माझ्यासमोरचा रिकामा ग्लास उचलला आणि म्हणाली, "हे त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग थांबा. तो आला की त्याच्यासमोर सांगा. हेसुद्धा."

ती आत गेली. पावणेदोन वाजले होते, समीर पाचच्या आधी येणार नव्हता. मी थांबलो.